पेट्रोलचा काटा : बिघाडाचा शोध आणि दुरुस्ती

म्हैसूर जिल्ह्यातील तिरुमकुडलु नरसीपूरनजीकचे सोसले हे गाव व्यासराज मठामुळे प्रसिद्ध आहे. पुरंदरदासांचे गुरू व्यासतीर्थ यांच्या परंपरेचा हा मठ. पुरंदरदासांच्या नाममुद्रेत विठ्ठल असल्याने मराठी भाविकालाही हे नाते परके वाटत नाही. जवळच कावेरी-कपिलेचा संगम असून तेथे 1989 पासून दर तीन वर्षांनी कुंभमेळा भरतो. कोल्हापूर-बेळगावकडून इतक्या दूर स्वतःच्या मोटारीने जाणाऱ्या कुटुंबाला परक्या मुलखात, परक्या भाषेत, तिन्हीसांजेला गाडी बंद पडल्यास काय वाटेल याची कल्पना सहज करता येते. काटा ‘अर्धी टाकी’ दाखवीत असताना ती कोरडी निघाली, तर मनस्ताप अधिकच. म्हणूनच या छोट्या उपकरणाची ओळख प्रत्येक वाहनधारकाने करून घ्यावी.

काटा पेट्रोल मोजत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. टाकीत एका दांडीच्या टोकाला पोकळ तरंगता गोळा, म्हणजे फ्लोट असतो. पेट्रोलची पातळी बदलली की दांडी वरखाली होते आणि तिच्या दुसऱ्या टोकाचा स्पर्शबिंदू विद्युत्रोधाच्या पट्टीवर सरकतो. त्यानुसार तारेतून वाहणारा प्रवाह कमीअधिक होतो व डॅशबोर्डावरचा काटा हलतो. काटा दाखवितो तो केवळ या रोधाचा परिणाम. बँकेच्या परिभाषेत सांगायचे तर काटा ही खतावणीतील नोंद होय. तिजोरीतील रोकड ती नव्हे. नोंद व रोकड यांचा मेळ बसत नसेल, तर चूक नेमक्या कोणत्या टप्प्यावर झाली हे शोधावे लागते.

दुरुस्तीपूर्वी ताळमेळ घ्यावा. पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरून ट्रिप मीटर शून्यावर आणावा. समजा 210 किलोमीटर चालल्यावर पुन्हा त्याच पातळीपर्यंत 14 लिटर पेट्रोल मावले, तर गाडी लिटरला 15 किलोमीटर चालते. हा आकडा हाताशी असला की काटा खोटे बोलतो आहे की गाडीच जास्त पेट्रोल खाते आहे, हे समजते. सांगितलेल्या क्षमतेपेक्षा जास्त पेट्रोल भरले गेले म्हणून पंपावर वाद घालण्याची घाई मात्र करू नये. मारुती 800 ची टाकी 28 लिटरची. पण टाकीच्या तोंडाची नळी व वाफेसाठी राखलेली वरची मोकळी जागा भरली गेली, तर कोणत्याही गाडीत सांगितल्यापेक्षा अधिक इंधन मावू शकते. शंका असल्यास पंपावरील प्रमाणित 5 लिटरच्या मापाने तपासणी करून मागावी. तो ग्राहकाचा हक्क आहे.

आता लक्षणांकडे वळू. चढउतारावर किंवा वळणावर काटा थोडा हलणे हा दोष नव्हे. टाकीचा आकार वेडावाकडा असल्याने काटा सर्वत्र सारख्या गतीने उतरत नाही, हाही दोष नव्हे. एका ठरावीक पातळीवरच काटा दचकून खाली पडत असेल, तर रोधाची पट्टी त्या जागी झिजली आहे असे समजावे. टाकी भरूनही काटा तळालाच राहिला, तर फ्लोटला भोक पडून तो पेट्रोलने भरला असेल, किंवा तार तुटली असेल. काही जुन्या गाड्यांत पेट्रोलचा व इंजिनाच्या तापमानाचा, असे दोन्ही काटे एकाच व्होल्टेज-नियंत्रकावर चालतात. दोन्ही एकदमच चुकू लागले तर टाकी उघडण्यापूर्वी त्या नियंत्रकाकडे पाहावे. दोन साक्षीदार एकच खोटे सांगत असतील तर त्यांना शिकविणारा एकच असावा, हा तर्क येथेही लागू पडतो.

मुख्य परीक्षा सोपी आहे, पण ती जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करवून घ्यावी. प्रथम फ्यूज पाहावा. मग टाकीवरील सेन्सरचा प्लग काढून चावी फिरवावी. पुष्कळ गाड्यांत कमी रोध म्हणजे भरलेली टाकी अशी रचना असते. अशा गाडीत प्लग काढताच काटा तळाला जातो. सेन्सरची तार क्षणभर गाडीच्या बॉडीला, म्हणजे अर्थिंगला टेकविली की काटा वर चढावयास हवा. चढला, तर काटा व तार दोन्ही निर्दोष. दोष टाकीतल्या भागात किंवा तिच्या अर्थिंगमध्ये. न चढला, तर तार आणि काटा यांची चौकशी करावी. काही युरोपीय गाड्यांत रचना नेमकी उलट असते, म्हणून आधी गाडीचे पुस्तक पाहावे. प्लगमधील इतर तारा पेट्रोल पंपाच्या असू शकतात. त्यांना हात लावू नये. संगणकीकृत डॅशबोर्डाच्या नव्या गाड्यांत असा प्रयोग न करता स्कॅनर लावणेच इष्ट.

टाकीतला भाग तपासताना मल्टिमीटर लावून दांडी हळूहळू वरपासून खालपर्यंत फिरवावी. आकडा सलग बदलला पाहिजे. मध्येच तो नाहीसा झाला तर पट्टी बाद. पण सेन्सर बदलण्याआधी अर्थिंगचा स्क्रू व त्याखालचा गंज एकवार खरवडून पाहावा. गंजाचा जादा रोध प्रवाहात शिरला की काटा कमी पेट्रोल दाखवितो, आणि नवा सेन्सर बसविला तरी तेच घडते. ग्राहकाचे पैसे वाया जाण्याचे हे नेहमीचे ठिकाण.

इंधनाचाही दोष असू शकतो. 2004 च्या मे महिन्यात अमेरिकेत फ्लोरिडा व लुईझियाना भागात गंधकाचे प्रमाण बिघडलेले पेट्रोल विकले गेले आणि कित्येक गाड्यांचे सेन्सर निकामी झाले; संपर्कबिंदूंतील चांदीवर गंधकाचा थर चढत होता. भारतात एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 लागू झाल्याने पेट्रोलमधील गंधकाची मर्यादा दहा लाखांत 10 भाग इतकी उतरली आहे.

चुकीचा काटा किती महाग पडतो याचे भीषण उदाहरण आकाशातले आहे. 6 ऑगस्ट 2005 रोजी बारीहून जर्बाला निघालेले ट्युनिन्टर कंपनीचे एटीआर 72 विमान इंधन संपून सिसिलीजवळ समुद्रात उतरले. 39 पैकी 16 जण दगावले. दुरुस्तीत त्याला एटीआर 42 या धाकट्या विमानाचा इंधनमापक बसविला गेला होता. दिसायला जुळणारा, पण हिशेब वेगळ्या टाकीचा. मोटारीचा सेन्सर घेतानाही मॉडेल व वर्ष जुळवून घ्यावे, ते याचसाठी. काही गाड्यांत तो पंपासह एकत्रच विकला जातो; सुटा मिळतो का, हे विचारून पाहावे.

टाकीवरचे झाकण उघडताना बॅटरीची तार काढलेली असावी, जागा मोकळी हवेशीर असावी आणि आसपास विडी-काडी नसावी. पेट्रोलची वाफ जड असल्याने ती जमिनीलगत साचते. झाकणाखालचे रबरी कडे नवेच घालावे. जुने पुन्हा बसविल्यास गाडीत वास येत राहतो. काम झाल्यावर जवळजवळ रिकाम्या टाकीत 5-5 लिटर पेट्रोल टाकून, प्रत्येक वेळी काटा स्थिरावू देऊन, त्याची जागा वहीत टिपून ठेवावी.