वरचा मजला चढवताय? नुसत्या फुटाच्या दरावर जाऊ नका

ठेकेदाराला बोलावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. घर आरसीसीचं आहे की लोड बेअरिंग, आणि पाया किती मजल्यांचा, हे तोच सांगेल. जुनं डिझाइन सापडत नसेल तर कॉलमशेजारी खड्डा खणून फुटिंग मोजावं लागतं, कॉलमची रिबाउंड हॅमर चाचणी करावी लागते. गच्चीवर सळया सोडल्यात म्हणजे पाया दोन मजल्यांचा, असं धरून चालू नका. त्या सळया बरीच वर्षं पावसात गंजलेल्या असतात. ब्रश मारून त्यांनाच पुढचा कॉलम जोडणाऱ्या मिस्त्रीला तिथंच थांबवा. लोड बेअरिंग घरात वरच्या भिंती खालच्या भिंतींवरच आल्या पाहिजेत. विटांऐवजी एएसी ब्लॉक घेतले तर वजन बरंच घटतं.

परवानगी महापालिका किंवा नगरपरिषदेच्या बांधकाम परवानगी विभागाकडून, परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत. कागद हे: सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, जुना मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, चालू वर्षाची करपावती, इंजिनिअरचा स्थिरता दाखला. उताऱ्यावर भावा-बहिणींची नावं असतील तर त्यांची संमती; घरावर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र; भूखंड सिडको-म्हाडाचा किंवा सोसायटीचा असेल तर त्यांचंही.

किती बांधता येईल? मुंबई सोडून बहुतेक शहरांत २०२० ची एकत्रित नियमावली लागू आहे. दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय १.१. म्हणजे १,००० चौरस फुटांच्या भूखंडावर १,१०० फूट. तळमजला ६५० फुटांचा असेल तर उरले ४५०. त्यापुढचं क्षेत्र मिळतं, पण अधिमूल्य भरून. गावठाणात हिशेब वेगळा, तो आधी विचारा.

परवानगीसाठी भरायचं ते असं: छाननी शुल्क, विकास शुल्क, अधिमूल्य, १ टक्का कामगार कल्याण उपकर, कुठे कुठे राडारोड्याची अनामत. उपकरातून स्वतःच्या राहत्या घराला ठरावीक खर्चापर्यंत सूट असते. मागितल्याशिवाय ती कुणी सांगत नाही. ‘सगळं मिळून इतके द्या, मी बघतो’ म्हणणाऱ्याकडून त्याची फी वेगळी लिहून घ्या आणि प्रत्येक चलनाची पावती तुमच्या नावाची मागा. परवानगीवर निर्णय द्यायला कायद्यात ६० दिवसांची मुदत आहे; मात्र ‘६० दिवस झाले, आता सुरू करा’ हा सल्ला नकाशा नियमात तंतोतंत बसत असेल तरच कामाचा. परवानगी एक वर्ष चालते, नूतनीकरण करून एकूण चार वर्षं. परवानगीशिवाय बांधलंत तर नोटीस येते, करावर शास्ती लागते आणि त्या मजल्यावर बँक कर्ज देत नाही.

आता ठेकेदार. साहित्यासह दर गावाप्रमाणे आणि फिनिशिंगप्रमाणे बदलतो. अंदाजाला चौरस फुटाला २,००० रुपये धरा. ७०० फुटांचे झाले १४ लाख. पण फूट कशाचे? जिना, बाल्कनी, छज्जा पूर्ण मोजणार की अर्धे, हे करारात लिहा. दरात हमखास नसतं ते असं: गच्चीवरचा जुना कोबा फोडणं आणि राडारोडा हलवणं (कोबा तसाच ठेवला तर ते वजन कायम डोक्यावर), पाण्याची टाकी आणि सोलर उतरवून पुन्हा चढवणं, माल वर चढवण्याची मजुरी, पाण्याचे टँकर, खालच्या मजल्याच्या रंगाची डागडुजी. यासाठी १५ टक्के बाजूला ठेवा. जुनं कोटेशन दाखवत असेल तर ते नव्यानं मागा: २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. वाळू-खडी उतरताना फीत घेऊन उभे राहा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट.

काम दिवाळीनंतर काढा, म्हणजे स्लॅब पावसाळ्याआधी होतो. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४. बीमखालचे १४ ते २१. सेंट्रिंगवाल्याला सामान पुढच्या साइटवर न्यायचं असतं, त्यामुळे तो घाई करणारच. पाणी मारायला ठेकेदाराचा माणूस रोज येईल या भरवशावर राहू नका.

काम संपलं की भोगवटा प्रमाणपत्र घ्या, मगच वर राहायला जा. पैसे टप्प्याटप्प्यानं द्या, शेवटचे ५ टक्के पहिला पावसाळा गेल्यावर. हेही करारात आधीच लिहून घ्या.