माहिती-विश्लेषण : सीमाभागातील तरुणांसाठी एक अभ्यासक्षेत्र

राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात सामान्यतः जिल्हा हा घटक मानला. बेळगाव-निपाणी भागासाठी महाराष्ट्राने मात्र खेडे हा घटक धरण्याचा आग्रह धरला. घटकाला एवढे महत्त्व का?

समजा, समान लोकसंख्येच्या चार गावांपैकी तीन गावांत मराठी भाषक ६० टक्के, तर चौथ्या गावात १० टक्के आहेत. गावनिहाय पाहता तीन गावांत मराठीचे बहुमत दिसते. चारही एकत्र धरल्यास प्रमाण ४७.५ टक्क्यांवर येते. आकडे तेच, निष्कर्ष मात्र वेगळा! हा भेद ओळखणे, हेच विश्लेषकाचे पहिले कौशल्य होय.

त्यासाठी बारावीपर्यंत गणित व पदवीस संख्याशास्त्र हा पाया उपयुक्त ठरतो. त्याच्या जोडीला संगणकीय तक्ते, एसक्यूएल व पायथन यांचा सराव हवा. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी नमुना-पाहणीच्या शास्त्रात जागतिक कीर्ती मिळविली. निपाणीच्या तंबाखूचे एकरी उत्पादन काही निवडक शेतांवरून अजमावणे, हा विद्यार्थ्यांसाठी उत्तम प्रारंभपाठ ठरेल. मराठीबरोबर कन्नडही वाचता येणाऱ्या येथील तरुणास दोन्ही राज्यांचे दप्तर खुले आहे, हे विशेष.