मुंबई ते लंडन : विमानाचं अंतर आणि घड्याळाचा घोळ

समजा डिसेंबरमध्ये एक विमान मुंबईहून दुपारी १ वाजता निघालं आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळावर संध्याकाळी ५.३० ला उतरलं. प्रवास किती तासांचा? वर्गातून हमखास उत्तर येतं, "साडेचार तास!" आता परतीचं विमान बघा. लंडनहून रात्री ९.३० ला निघून मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला पोहोचलं. म्हणजे साडेचौदा तास? वाट तीच, मग असं कसं?

तिकिटावर प्रत्येक ठिकाणची तिथली स्थानिक वेळ छापलेली असते. भारताची प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखावृत्तावरून ठरते. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणून ८२.५ × ४ = ३३० मिनिटं, म्हणजेच साडेपाच तास आपण ग्रीनिचच्या पुढे. मिळवायचे की वजा करायचे, हे पाठ करत बसू नका; परीक्षेत नेमकं उलटं होतं. त्यापेक्षा दोन्ही वेळा भारतीय वेळेत लिहून घ्या. लंडनचे ५.३० म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ११. दुपारी १ ते रात्री ११, झाले १० तास. परतीला लंडनचे रात्री ९.३० म्हणजे आपल्याकडे पहाटेचे ३. तिथून दुपारी १२ पर्यंत ९ तास.

आता अंतर. सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका, फसाल. पृथ्वीगोल घ्या आणि मुंबई ते लंडन दोरा ताणून धरा. दोरा नकाशावरच्या सरळ रेषेपेक्षा उत्तरेकडे झुकलेला दिसेल. हीच सर्वांत जवळची वाट. तुमच्या गोलाचा विषुववृत्ताचा घेर १०० सेंमी असेल, तर दोरा साधारण १८ सेंमी भरेल. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किमी, त्याचे १८ टक्के म्हणजे ७,२०० किमी.

मोठं प्रवासी विमान ताशी ९०० किमीच्या आसपास उडतं. ७,२०० ÷ ९०० = ८ तास. मग १० आणि ९ कुठून आले?

एक कारण वारा. दहा-बारा किमी उंचीवर या भागात, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. जाताना ते समोरून अडवतात, येताना मागून ढकलतात. सरासरी ताशी ५० किमीचा फरक धरा: जाताना वेग ८५०, वेळ सुमारे साडेआठ तास, येताना वेग ९५०, वेळ साडेसात तासांहून थोडी जास्त. एका तासाचा फरक इथेच निघाला! उरलेला वेळ धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, खाली उतरणं आणि ठरवून दिलेल्या हवाई मार्गांचे वळसे यांत जातो. (एखाद्या देशाचं आकाश बंद असलं तर वळसा आणखी मोठा.)

करून बघा : जुलैमध्ये लंडनची घड्याळं एक तास पुढे असतात. हेच विमान मुंबईहून दुपारी १ ला निघून १० तासांनीच उतरलं, तर हीथ्रोवर किती वाजलेले असतील?