काँगोच्या राजाचे पत्र
(शब्बाथशाळा शिक्षक व अभ्यासवर्ग यांच्यासाठी)

शास्त्रपाठ : निर्गम २१:१६, १ तीमथ्य १:८-११

गुलामांच्या व्यापाराविषयी मुलांना सांगताना आपण बहुधा विल्बरफोर्स यांच्यापासून सुरुवात करतो. ज्यांनी तो व्यापार बंद पाडण्यासाठी कष्ट केले त्यांचे स्मरण योग्यच आहे. पण ज्यांची माणसे नेली गेली त्यांच्यापैकी कोणी तक्रार केली नव्हती काय? आज तशीच एक तक्रार आपण ऐकू.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, आजच्या अंगोलाच्या उत्तर भागात व आसपास, काँगोचे मोठे राज्य होते. १४९१ साली तेथील राजाने पोर्तुगीज धर्मगुरूंकडून बाप्तिस्मा घेतला. त्याचा मुलगा अफोन्सो पुढे राजा झाला. त्याने उपासनामंदिरे बांधली, शाळा काढल्या. त्याचा मुलगा हेन्रिक बिशप झाला.

परंतु ज्या गलबतांतून धर्मगुरू आले त्यांतूनच व्यापारीही आले. त्यांना मालाच्या बदल्यात माणसे हवी होती. १५२६ साली अफोन्सोने पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन यास कळवले की, मालाच्या लोभाने लोक आपल्याच शेजाऱ्यांना पळवून विकत आहेत. सरदारांची मुले, खुद्द राजाचे आप्तही सुटत नाहीत. देश ओसाड होत आहे. आम्हांस फक्त धर्मगुरू व शिक्षक पाठवा, आणि प्रभुभोजनासाठी द्राक्षारस व पीठ पाठवा, अशी त्याने विनंती केली. व्यापार थांबला नाही.

येथे शिक्षकांनी एक गोष्ट लपवू नये. अफोन्सो निर्दोष नव्हता. युद्धात धरलेले कैदी तोही विकत असे. त्याच वर्षी त्याने तीन अधिकारी नेमले. विकावयास आणलेला मनुष्य खरोखर युद्धकैदी आहे की पळवून आणलेला स्वतंत्र मनुष्य आहे, हे त्यांनी तपासावयाचे होते. पापाला दार बंद करण्याऐवजी त्याने दारावर पहारेकरी बसवले. पहारेकरी पुरे पडले नाहीत.

सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंत सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी माणसे अटलांटिक महासागरावरील जहाजांत चढवली गेली. त्यांपैकी सुमारे १८ लाख वाटेतच मेली. मागे राहिलेल्यांचे काय झाले? नेलेल्यांत तरुण पुरुष अधिक असल्यामुळे कित्येक प्रांतांत शेतीचा व घराचा भार स्त्रियांवर पडला. अनेक ठिकाणी कर्ज किंवा अपराध यांची शिक्षा म्हणूनही माणसे विकली जाऊ लागली. अशा रीतीने न्यायच व्यापाराचा चाकर बनला. कैदी मिळवण्यासाठी लढाया होऊ लागल्या. १६६५ साली म्बविला येथे पोर्तुगीज सैन्याशी लढताना काँगोचा राजा पहिला अँटोनियो मारला गेला. त्यानंतर गादीसाठी दीर्घ यादवी माजली, आणि त्या यादवीतील कैदीही गुलाम म्हणून समुद्रापार गेले.

मोशेच्या नियमशास्त्राने मनुष्य चोरणाऱ्यास व विकणाऱ्यास कोणती शिक्षा सांगितली आहे, हे त्या ख्रिस्ती व्यापाऱ्यांच्या पवित्र शास्त्रातही लिहिलेले होते. शास्त्र जवळ असणे व ते पाळणे यांतील अंतर किती मोठे असू शकते, हे या इतिहासावरून आपण शिकावे.

चर्चेसाठी प्रश्न
१. अफोन्सोने नेमलेल्या अधिकाऱ्यांमुळे अन्याय का थांबला नाही?
२. ज्या अन्यायाचा आपल्याला लाभ होतो त्याविरुद्ध बोलणे कठीण का जाते?
३. आपल्या घरी किंवा कामावर असलेल्या कोणाची तक्रार आपण ऐकून न ऐकल्यासारखी करतो काय?