सरकलेली गादी आणि चिनी काढा

प्रश्न : नोकरीनिमित्त सिंगापूरला असतो. वय ४२. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकल्याचं एमआरआयमध्ये आलं आहे. डाव्या पायात कळ जाते. इथल्या चिनी वैद्यांनी तीन महिन्यांचा काढा सुचवला आहे. त्यानं गादी परत आत जाईल का?

उत्तर : गादी परत आत जात नाही, ती आक्रसते, आणि हे काम बहुतांशी शरीरच करतं. गादीतला मऊ गर भोवतालचं कडं फाडून बाहेर आला, की शरीर त्याला परका समजतं. तिथं नव्या रक्तवाहिन्या फुटतात, पांढऱ्या पेशी जमतात आणि गर हळूहळू फस्त करतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, तुटून सुटा पडलेला तुकडा ९६ टक्के रुग्णांत, तर कडं फाडून बाहेर आलेला गर ७० टक्के रुग्णांत विनाशस्त्रक्रिया आक्रसलेला आढळला. नुसता फुगवटा मात्र १३ टक्क्यांतच. म्हणजे एमआरआयवर जे जास्त भीतिदायक दिसतं, तेच बरेचदा लवकर ओसरतं.

तुमच्या काढ्याचे तीन महिने नेमके गर आक्रसण्याच्या काळातच येतात. बरं वाटलं, तर श्रेय काढ्याला मिळेल. चीनमध्ये यावर चाचण्या पुष्कळ झाल्या. पण बहुतेक लहान, आणि औषध कोणतं चाललंय हे रुग्णाला ठाऊक असलेल्या. त्यावरून काढ्यानं गादी विरते असं मी सांगू शकत नाही.

कंबरदुखीसाठी चिनी वैद्य बहुधा ‘दूहुओ जीशेंग तांग’ देतात. सातव्या शतकातल्या सुन सिम्याओ या वैद्यांच्या ग्रंथातला हा पंधरा द्रव्यांचा काढा. त्यात तुतीवरचं बांडगूळ असतं, आपल्या आघाड्याच्या जातभाईचं मूळ असतं, दालचिनी आणि ज्येष्ठमध असतं. दूझोंग झाडाची सालही असते. ती मोडली की रबरासारखे पांढरे तंतू ताणले जातात. यातल्या ‘शीशिन’कडे मात्र लक्ष द्या. या वनस्पतीत अॅरिस्टोलोकिक आम्ल असू शकतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन घटवण्याच्या औषधात चुकीची चिनी मुळी गेली आणि याच आम्लानं अनेक स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली. काही नुसख्यांत बचनागाच्या कुळातली मुळंही घालतात. ती नीट शुद्ध केलेली नसली, पुरेशी उकळली नाहीत, तर ओठ-जीभ बधिर होतात, हृदयाचे ठोके बिघडतात.

सिंगापुरात चिनी वैद्यांची सरकारी नोंदणी होते. नोंदणी तपासा, प्रत्येक द्रव्याचं नाव आणि वजन लिहून मागा, तो कागद तुमच्या डॉक्टरांना दाखवा. नावं सांगायला नकार मिळाला, तर काढा घेऊ नका.

आणि रोज सकाळी टाचांवर चार पावलं चालून पाहा. डावं पाऊल किंवा अंगठा वर उचलला जात नसेल, तर नस दबून अशक्त होते आहे. मग तीन महिने थांबायचं नाही.

प्रश्न : आईचं वय ६८. हृदयाच्या झडपेसाठी वॉरफरीन चालू आहे. कंबरेसाठी ऑनलाइन चिनी गोळ्या मागवू का?

उत्तर : मुळीच नको. कंबरेच्या अनेक चिनी औषधांत ‘दांगग्वी’ नावाचं मूळ असतं. वॉरफरीनबरोबर ते घेतल्यास रक्त प्रमाणाबाहेर पातळ होऊन रक्तस्राव होऊ शकतो. शिवाय अशा गोळ्यांत वेदनाशामकं आणि स्टेरॉइड गुपचूप मिसळल्याचं वारंवार उघड झालं आहे. दोन दिवसांत ‘जादू’ झाली, तर संशय घ्या.

प्रश्न : शस्त्रक्रिया किती काळ टाळता येते?

उत्तर : नेदरलँड्समधल्या २००७ सालच्या अभ्यासात सहा ते बारा आठवडे पाय दुखणारे २८३ रुग्ण होते. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ, शस्त्रक्रियेशिवाय थांबलेल्यांपेक्षा, लवकर गेली. पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र पुढे शस्त्रक्रिया लागलीच. म्हणून कळ सोसवत असेल आणि पायात ताकद असेल, तर सहा-आठ आठवडे हिंडतं-फिरतं राहून, वेदनाशामक आणि व्यायामावर थांबायला हरकत नाही.

पण लघवी अडली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतली आणि बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी, अगदी रात्री-अपरात्रीही, रुग्णालय गाठा. तिथं तासातासाला किंमत असते. उशीर झाला, तर गेलेली संवेदना शस्त्रक्रियेनंतरही परत येईलच असं नाही.