चढण्याआधी खाली करायच्या गोष्टी

बाळा, देवरुखच्या वरच्या अंगाला तू वायरलेस इंटरनेटचा टॉवर उभा करतोयस, तर मामाचं एवढं ऐक. रेडिओ कुठल्या कंपनीचा घ्यायचा, डिश किती फुटी लावायची, यावर तुम्ही पोरं रात्र-रात्र बोलता. त्या रेडिओला वीज कोणत्या तारेतून जाणार, यावर दहा मिनिटं कुणी बसत नाही. आणि पावसाळ्यात माणसाला वर चढायला लावते ती तारच. वाडीतली सगळी घरं बंद पडली की जुलैच्या वाऱ्यात, शेवाळलेल्या लोखंडावरून कुणाला तरी जावं लागतं. मी सांगतोय ते ही चढण टळावी म्हणून.

आधी व्होल्टेज समजून घे. तांब्याच्या साध्या कॅट-५ई केबलमध्ये एका तारेला १०० मीटरमागे साधारण साडेआठ-नऊ ओहम अडथळा असतो. ६० मीटरची केबल धर. वीज जायला दोन तारा आणि यायला दोन, म्हणजे जाऊन-येऊन सुमारे पाच ओहम. वर १२ वॉट खाणारा रेडिओ आहे. खालून २४ व्होल्ट दिलेस तर पावणेतीन व्होल्ट वाटेतच जातात, वर २१ पोचतात. तेवढ्यात भागतं. पण वीज गेली, बॅटरी उतरली आणि खाली २२ राहिले, तर वर १९ सुद्धा पोचत नाहीत. मग पहाटे रेडिओ आपोआप बंद-चालू होत राहतो आणि सगळे सिग्नलला दोष देत बसतात. तोच रेडिओ ४८ व्होल्टवर चालणारा घेतलास तर वाटेत सव्वा व्होल्टच जातो. व्होल्टेज दुप्पट केलं की करंट निम्मा होतो आणि तारेत जळणारी वीज पावपट. उंच टॉवरला ४८ व्होल्ट घे, यात मला दुसरं मत नाही.

डेटाच्याच केबलमधून वीज वर पाठवायची पद्धत म्हणजे पीओई. तिचं २००३ सालचं मानक, ८०२.३ एएफ, वाच. खालून १५.४ वॉट द्यायचे आणि वर १२.९५ मिळतील असं धरायचं, हे त्यातच लिहिलंय. वाटेतला तोटा मानक करणाऱ्यांनीच धरलाय, तूही धर. मानकातला पीओई पलीकडच्या उपकरणाला आधी तपासतो आणि मगच वीज सोडतो. बाजारातला स्वस्त पॅसिव्ह अडॅप्टर काहीच तपासत नाही, खटका दाबला की वीज सरळ वर. ४८ चा अडॅप्टर २४ च्या रेडिओला लागला तर रेडिओ गेलाच समज. म्हणून प्रत्येक अडॅप्टरवर आणि केबलच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज लिहून चिकटव. आणि वीज चालू असताना जॅक काढू-घालू नकोस. ठिणगी पडून पिनांवरचा मुलामा जळतो आणि तो जॅक पुढे महिनाभराने त्रास देतो.

आता केबल. दुकानदार अर्ध्या भावात जो डबा दाखवतो, त्यात बहुतेक वेळा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. एक तार ब्लेडने खरवड. आत पांढरी निघाली की डबा परत कर. तिचा अडथळा तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणजे मघाच्या हिशेबात उतरलेल्या बॅटरीवर वर १६ व्होल्टच उरतील. शिवाय ती वाकवली की तुटते, वाऱ्यात हलून हलून जॅकपाशीच तुटते. तुला लागणारी केबल काळ्या पॉलिथिन आवरणाची, बाहेर वापरायची, आत फॉइलचं कवच आणि उघडी ड्रेन वायर असलेली. घरातली करडी पीव्हीसी केबल कोकणच्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत तडकते. टायही काळेच घे. पांढरे नायलॉनचे टाय उन्हाने पिचतात आणि मग अख्ख्या केबलचा भार एका जॅकवर येतो. दर मीटरला एक बांध, पण आवळू नकोस, आतल्या जोड्या दबतात.

पाण्याकडे सगळ्यात जास्त लक्ष दे. आपल्याकडचा पाऊस नुसता वरून पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि खालूनही वर चढतो. केबल रेडिओत शिरण्याआधी तिला खाली एक वाक दे, म्हणजे पाणी त्या वाकावरून गळून जाईल. ग्लँडचं तोंड नेहमी जमिनीकडे. जोडावर आधी रबराची आपसात चिकटणारी टेप ताणून गुंडाळ, तिच्यावर काळी पीव्हीसी टेप, आणि ती खालून वर गुंडाळत जा, म्हणजे घराच्या कौलांसारखा वरचा पदर खालच्या पदरावर येतो. वर कुठे आवरणाला चीर गेली असेल तर पाणी केबलच्या आतून, तारांच्या बाजूने हळूहळू उतरतं आणि पायथ्याच्या स्विचमध्ये येतं. रेडिओ ठणठणीत आणि स्विचचं पोर्ट हिरवं पडलेलं, असं दिसलं तर स्विच बदलून थांबू नकोस. चीर वर आहे.

सगळे जॅक शक्यतो जमिनीवरच मार, टेस्टरवर बघ, रेडिओ लावून तासभर चालव आणि मग वर ने. वर दोरीला लटकून केलेलं क्रिम्पिंग क्वचितच चांगलं होतं. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेव, आणि कवचाची ड्रेन वायर धातूच्या जॅकला नीट टेकली आहे ना ते डोळ्यांनी बघ. मोकळं पोर्ट उघडं ठेवू नकोस, कुंभारीण त्यात मातीचं घर करते. पेटीच्या भोकांतून मुंग्या आणि पाली येतात. ती भोकं पुट्टीने बुजव. माकडांचा वावर असेल तर पहिले काही मीटर केबल जीआय पाइपातून ने.

विजेचं सांगतो. आपल्याकडे कडकडाट जास्त तो एप्रिल-मेच्या वळवात आणि परतीच्या पावसात. नेमकं मे महिन्यात जांभ्याची जमीन कोरडी ठणठणीत असते आणि कोरड्या जमिनीत अर्थिंग चालत नाही. म्हणून फेब्रुवारीपासूनच अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायला माणूस नेम. सर्ज अरेस्टर केबलच्या दोन्ही टोकांना लाव, वर रेडिओपाशी आणि खाली पेटीत. टॉवरचं अर्थिंग, पेटीचं अर्थिंग आणि मीटरचं अर्थिंग जाड पट्टीने एकमेकांना जोड. वेगवेगळी ठेवलीस तर वीज पडल्यावर त्यांच्यात हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो तुझ्या स्विचमधूनच वाट काढतो. वीजवाहक पट्टी खाली उतरताना काटकोनात वळवू नकोस आणि डेटाची केबल तिला बांधू नकोस. टॉवर ७० मीटरच्या पुढे गेला तर डेटासाठी फायबर वर ने, धातूचं चिलखत नसलेली. इथरनेटची मर्यादा १०० मीटर आहे आणि शिडी, वळणं, पेटीतलं अंतर धरलं की ती लवकर संपते. फायबरमधून वीज उतरत नाही. मग वर फक्त विजेची जाड जोडतार राहते आणि तिला तिचा वेगळा अरेस्टर लागतो.

बॅटरीला मधे इन्व्हर्टर घालू नकोस. बॅटरीचे डीसी, त्याचे २३० एसी, पुन्हा अडॅप्टरमधून डीसी, या फेऱ्यात वीज जाते आणि इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाही काही वॉट खातो. १२ च्या चार बॅटऱ्या एकामागे एक जोडून सरळ ४८ वर चाल. भार ४० वॉट आणि चोवीस तास वीज गेली तर ९६० वॉट-तास लागतात, म्हणजे ४८ वर २० आंपिअर-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरवायची नाही, म्हणून किमान ४० च्या घे. पत्र्याच्या पेटीला सावली कर, कारण दर दहा अंश वाढत्या उष्णतेमागे बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. बॅटरीच्या टोकाशीच फ्यूज हवा आणि खटके डीसीचेच हवेत. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून तिथली ठिणगी विझते, डीसीची धरून राहते.

आणि एवढं सगळं करूनही चढावं लागलंच, तर अंगभर पट्ट्याचा हार्नेस, दोन हूक, आणि एक हूक अडकल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही. ढग दाटले, लांब कुठेतरी गडगडलं, की खाली. ग्राहक कितीही ओरडला तरी. खाली एक माणूस फोन घेऊन उभा हवाच, आणि वरच्याला लागणारा रेडिओ, जॅक मारलेली केबल, टेप आणि टाय एका पिशवीत आदल्या दिवशीच भरून ठेव.