चक्कर आणि मानेचा मणका

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत "मला मणक्याची चक्कर आहे" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. डोक्यावर चुंबळ ठेवून हंडे आणि मोळ्या वाहणाऱ्या भगिनी, लावणीला दिवसभर वाकणारे शेतमजूर, कर्जत-खोपोलीहून लोकलने मुंबईला जाणारे नोकरदार, मान खाली घालून अभ्यास करणारे विद्यार्थी, अनेकांची मान दुखते. म्हणून चक्कर आली की दोष मणक्याला दिला जातो. तो कितपत खरा, हे आपण समजून घेऊ.

मानेत 7 मणके असतात. वरच्या 6 मणक्यांच्या छिद्रांतून दोन्ही बाजूंनी एकेक रक्तवाहिनी मेंदूच्या मागील भागाकडे जाते. तोल सांभाळणारा लहान मेंदू तेथेच आहे. मानेचे स्नायू व सांधेही डोके कोठे वळले याची खबर मेंदूला देतात. मान आखडली की ही खबर बिघडून डोके हलके, अस्थिर वाटू शकते. मान वळवताना रक्तवाहिनी दाबली जाऊन भोवळही येते, पण ती फार क्वचित.

पन्नाशीनंतर मणक्यांची झीज बऱ्याच जणांच्या फोटोत दिसते; ज्यांना कधी चक्कर आली नाही, त्यांच्याही. म्हणून फोटोत झीज दिसली म्हणजे कारण सापडले, असे नव्हे.

अंथरुणात कूस बदलताच घर गरगर फिरले, तर दोष बहुधा कानाचा. उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रक्तदाब, अंगातील पाणी, रक्तक्षय व चालू औषधे यांकडे पाहावे. शुद्ध हरपून माणूस कोसळला, तर मानेला पट्टा बांधून घरी बसू नये. रक्तदाब, ईसीजी, हिमोग्लोबिन आणि साखर आधी तपासून घ्यावी. हृदयाचा दोष मणक्याच्या नावाखाली झाकला गेला, तर जिवावर बेतते.

बेशुद्ध माणसाचा श्वास चालू असेल, तर त्याला आडवे करून पाय उंच करावेत. कांदा-चप्पल हुंगवू नये, तोंडात पाणी ओतू नये. लगेच शुद्ध आली नाही, बोबडी वळली, तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला किंवा छातीत दुखू लागले, तर ताबडतोब 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हातापायांना मुंग्या येऊन चालताना तोल जात असेल, तर मज्जारज्जूवर दाब असू शकतो. तेही डॉक्टरांना लवकर दाखवावे.

शेवटी एक विनंती. सलूनमध्ये दाढीनंतर मान कडकन मोडून घेण्याची सवय तरुणांनी सोडावी. त्या झटक्याने मानेतील रक्तवाहिनीचे अस्तर फाटून अर्धांगवायू झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. मान दुखली तर ओझे कमी करावे, उशी पातळ घ्यावी, सांगितलेला व्यायाम करावा. पण चक्करेचे कारण तपासूनच ठरवावे, एवढेच आमचे सांगणे आहे.